थर्मोकोलला बंदी, दुधाच्या पिशवीला सूट: फरक कुठे आहे?

गणपती जवळ आले की लालबाग-दादरच्या बाजारात मखरं लागतात. काही वर्षांपूर्वी त्यात थर्मोकोलचे पांढरे महाल असायचे, आता पुठ्ठा, कागद आणि कापड जास्त दिसतं. कारण तुम्हाला माहीत असेलच. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्मोकोल बंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्राच्या बंदीतही सजावटीचं थर्मोकोल आलं.

पण दुधाची पिशवी अजून रोज घरी येते. तीही प्लास्टिकच. मग एकाला बंदी आणि दुसरीला सूट, असं का? अर्धं उत्तर कायद्यात आहे, उरलेलं अर्धं रेणूंच्या साखळीत.

साखळी सरळ की फांद्यांची?

पॉलिमर म्हणजे एकच छोटा रेणू हजारो वेळा जोडून झालेली लांब साखळी. इथिलीन वायूचे रेणू जोडले की पॉलिथिन मिळतं. पण ते कसे जोडले, यावर मालाचे गुण ठरतात. कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल: डेटा तोच, डेटा स्ट्रक्चर वेगळं.

दादरचा फुलबाजार आठवा. गजऱ्याचे सर शेजारी शेजारी ठेवले तर घट्ट बसतात. गुलाबाच्या फांद्यांची जुडी कितीही आवळली तरी मध्ये पोकळी राहतेच. पॉलिथिनचंही तसंच. खूप दाबाखाली बनणाऱ्या एलडीपीईच्या साखळ्यांना फांद्या असतात. त्या घट्ट बसत नाहीत, म्हणून माल मऊ राहतो आणि साधारण ११० अंशांना वितळतो. १९५३ मध्ये कार्ल झिग्लर यांना असा उत्प्रेरक सापडला की कमी दाबातही जवळजवळ सरळ साखळ्या बनू लागल्या. हे एचडीपीई: जास्त कडक, जास्त मजबूत, वितळायला साधारण १३० अंश. दुधाची मऊ पिशवी फांद्यावाल्या कुटुंबातली, तर चुरगाळल्यावर कुरकुर वाजणारी पातळ कॅरीबॅग बहुतेक वेळा सरळ साखळीची.

थर्मोकोल कटकन का मोडतं?

थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याच्या साखळीला बेंझिनची मोठी कडी लटकलेली असतात, कधी या बाजूला तर कधी त्या. त्यामुळे साखळ्या नीट रचल्या जात नाहीत आणि एकमेकींवरून सहज सरकतही नाहीत. ताण पडला की माल वाकत नाही, काचेसारखा मोडतो. शिवाय थर्मोकोल फुगवलेलं असतं, त्यात जवळपास ९८ टक्के हवा. अख्खा टेम्पो भरून नेला तरी हातात फार थोडा माल येतो. भंगारवाल्याला ते परवडणार कसं? मग ते दाणे-दाणे होऊन समुद्रात आणि नाल्यात जातं.

मायक्रॉनचं गणित

केंद्राच्या नियमात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे ०.१२ मिलिमीटरपेक्षा पातळ कॅरीबॅग चालत नाही. जाडी वाढवली म्हणून साखळी बदलत नाही, पिशवी लवकर कुजतही नाही. वाढतं ते फक्त वजन, आणि वजन असेल तरच कचरा वेचणाऱ्याला ती उचलणं परवडतं. पातळ पिशवी उडते. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ती तरंगत गटाराच्या जाळीवर जाऊन बसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी तुंबण्याच्या कारणांमध्ये या पिशव्याही होत्या. हिंदमाताला पाण्यात अडकलेल्यांना वेगळं सांगायला नको.

दुधाची पिशवी जाड असते, घरोघरी एकाच प्रकारची येते आणि वितळवून पुन्हा वापरता येते. म्हणून २०१८ मध्ये तिला सूट देताना ती परत विकत घेण्याची अटही घातली होती. खरी गोम इथेच आहे. पिशवी परत गेलीच नाही, तर सूट कसली आणि बंदी कसली, नाल्याला दोन्ही सारखंच.

मग आपण काय करायचं?

पुठ्ठा आणि सुती कापड हेसुद्धा पॉलिमरच, सेल्युलोजचे. गिरणगावातल्या गिरण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच पॉलिमर कातला. फरक इतकाच की ही साखळी कापणारी एन्झाइम्स बुरशी आणि जिवाणूंकडे आहेत. पॉलिथिनची साखळी तोडणं त्यांना फार जड जातं. ‘कंपोस्टेबल’ पिशवीतलं पीएलए मधलं: त्याला साधारण ६० अंशांचं गरम खत-केंद्र लागतं, गटारात ते तसंच पडून राहतं.

म्हणून दोन साध्या गोष्टी. दुधाची पिशवी कापताना कोपरा वेगळा करू नका, धुऊन वाळवून भंगारात द्या. आणि यंदा ‘इको-फ्रेंडली’ मखर घेताना ते फार चकाकत असेल, तर कोपऱ्यातला कागद थोडा सोलून दाखवायला सांगा. वरून ताणली जाणारी पातळ फिल्म निघाली, तर पुठ्ठ्याला प्लास्टिक चिकटवलंय. ते ना नीट कुजणार, ना भंगारात जाणार.