डावा पाय आवरा, बाई!

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्याकडे बिनक्लचची गाडी आली. वीस वर्षं गिअरची गाडी चालवलेली मी. म्हटलं, यात नवीन काय शिकायचं? पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर गतिरोधक दिसला. सवयीनं डावा पाय क्लच दाबायला गेला आणि सापडला ब्रेक! गाडी जागच्या जागी थांबली. मागे पट्टा न लावता बसलेल्या सासूबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मागचा स्कूटरवाला हातभर अंतरावर कसाबसा थांबला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, शर्यतीतले लोक मुद्दाम डाव्या पायानं ब्रेक दाबतात. तुम्हीही शिका की!"

त्यांचं म्हणणं खोटं नाही, बरं का. 1965 साली टिमो माकिनेन आणि 1967 साली राऊनो आल्टोनेन या फिनलंडच्या चालकांनी इवल्याशा मिनी कूपरमधून माँटे कार्लो रॅली जिंकली. बर्फावर ते उजव्या पायानं अॅक्सिलरेटर दाबून ठेवीत आणि त्याच वेळी डाव्यानं ब्रेक. मिनीची पुढची चाकं गाडी ओढतात. ती ओढतच राहायची, मागची मात्र ब्रेकनं घसरायची, आणि वळणावर गाडीचं शेपूट हवं तसं फिरायचं. पण ही कला बर्फाच्या मोकळ्या वळणावरची. आपल्या मंडईच्या रस्त्यावर शेपूट फिरवून कुणाला दाखवायचंय?

मग एरवी फायदा काहीच नाही का? आहे. पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर न्यावा लागत नाही. त्यात पाव सेकंद वाचला असं धरलं, तर ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी सुमारे 4 मीटर अलीकडे थांबेल. पण तोटे अधिक. क्लच पूर्ण दाबायचा असतो. डाव्या पायाला तेवढंच ठाऊक. ब्रेकला मात्र पोळी लाटताना लागतो तसा बेताचा दाब लागतो. शिवाय पाय ब्रेकवर टेकून राहिला, की मागचे लाल दिवे सतत पेटतात आणि आपण खरंच कधी थांबतोय ते मागच्याला कळत नाही. ब्रेक झिजतात, तापतात, पेट्रोलही जास्त जातं. आणि घाबरल्यावर दोन्ही पाय एकदम दाबले जातात, ते वेगळंच!

तेव्हा घरच्या गाडीत ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाचेच. मी केलं ते सांगते:

• डावा पाय बाजूच्या पायटेकूवर ठेवा. तो नसेल तर मागे ओढून जमिनीवर.

• उजवी टाच ब्रेकच्या समोर टेकवा आणि चवडा फिरवून अॅक्सिलरेटरवर न्या. उंची कमी असेल तर सीट पुढे घ्या.

• शाळा, बाजार आला की अॅक्सिलरेटर सोडून उजवा पाय ब्रेकवर नुसता तयार ठेवा. वाचायचा तो वेळ असाही वाचतो.

• सैल चप्पल, उंच टाचा नकोत. गाडीत एक सपाट जोड ठेवा. साडीच्या निऱ्या वर खोचा. पाण्याची बाटली पायाशी कधीही ठेवू नका. घरंगळून ब्रेकखाली अडकते.

• रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात पंधरा मिनिटं नुसतं चालवा-थांबवा करा. घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील, तर गाडी बदलल्यावर निघण्याआधी दोन-तीनदा पेडल दाबून पाहा.

ज्यांचा उजवा पाय अधू आहे, त्यांच्यासाठी डाव्या पायाचा अॅक्सिलरेटर बसवून मिळतो, मात्र आर.टी.ओ.त रीतसर नोंद करून घ्या.

आता महिना झाला. डावा पाय निमूट बसतो. परवा सासूबाई आपणहून म्हणाल्या, "चल, देवळात जाऊन येऊ." आणि मागे बसताच त्यांनी आधी पट्टा लावला!