महिनाभराची कादंबरी आणि आपली इर्जिक
(बी. ए. भाग २)

महाविद्यालयीन वार्षिकांचे जुने अंक चाळले तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. कविता भरपूर, ललित लेख बरेच, कथा चार-दोन. कादंबरीचे एखादे प्रकरणसुद्धा क्वचितच सापडते. वार्षिकात कादंबरी मावणार कशी, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु प्रश्न केवळ पानांचा नाही. आमच्यापैकी फारसे कोणी कादंबरी लिहायला बसतच नाही. कविता एस. टी.च्या प्रवासात सुचते आणि तिकिटाच्या पाठीवर उतरवता येते. कादंबरीसाठी रोज बसावे लागते. रोज बसायचे तर जागा हवी, वेळ हवा आणि ‘आज किती पाने झाली?’ असे विचारणारे कोणीतरी हवे. पहिल्या दोन गोष्टींची आम्हां खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्यांजवळ टंचाई आहे. तिसरी मात्र आपण एकमेकांना देऊ शकतो. ती द्यावी, एवढे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. १९९९ साली अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी, म्हणजे एकूण २१ जणांनी, महिनाभरात कादंबरी लिहून काढण्याचा पण केला. पुढे दरवर्षी नोव्हेंबर महिना त्यासाठी ठरला. तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे रोजचे सोळाशे सदुसष्ट. बक्षीस नाही, परीक्षक नाही. गावोगावचे लिहिणारे वाचनालयात नाही तर चहाच्या दुकानात एकत्र जमायचे, आपापले लिहायचे आणि मागे पडलेल्याला धीर द्यायचे. पाहता पाहता लाखो लोक त्यात आले. मग मोठी संस्था झाली, पैशाच्या अडचणी आल्या, वाद झाले. यंत्राकडून कादंबरी लिहवून घ्यावी की नाही, यावर संस्थेने २०२४ साली घेतलेल्या मोघम भूमिकेमुळे अनेक लेखक दुखावले. अखेर मार्च २०२५ मध्ये संस्था बंद होत असल्याचे जाहीर झाले. संस्था गेली, पण कल्पना कशी जाईल? चार माणसांनी एका बाकाभोवती बसून लिहायचे ठरवले, तर त्याला कचेरी आणि शिक्का कशाला हवा?

यावर आमच्या गुरुजनांचा आक्षेप मी आधीच ऐकू शकतो. ‘कादंबरी म्हणजे काय पिठाच्या गिरणीतले दळण आहे, की टोपली ठेवली आणि तासाभरात घेऊन गेलो?’ आक्षेप रास्त आहे. परंतु मराठी वाङ्मयाचा इतिहास थोडी वेगळी साक्षही देतो. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहायला ९ फेब्रुवारी १९३३ रोजी घेतली आणि १३ तारखेपर्यंत तिचा बहुतेक भाग लिहून काढला. भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ साली ‘कोसला’ अवघ्या काही आठवड्यांत लिहिली, आणि ती लिहिण्यासाठी प्रकाशक रा. ज. देशमुख यांचा लकडा मागे होता. हरिभाऊ आपटे १८९० पासून आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात कादंबऱ्या क्रमशः छापत असत. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक दारात उभा असताना प्रतिभेची वाट पाहत बसण्याची चैन त्यांना कुठून परवडणार? हेच हरिभाऊ १९१२ साली आपल्या अकोल्यात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

अर्थात साने गुरुजींच्या पाच दिवसांच्या मागे त्यांचे सगळे बालपण उभे होते, हे विसरता येणार नाही. मुदत कादंबरी घडवत नाही. जे आत साचलेले आहे त्याला बाहेर पडायला ती भाग पाडते, एवढेच. आणि आमच्याजवळ साचलेले काहीच नाही, असे कोण म्हणेल? एकोणीस वर्षे आम्ही वऱ्हाडात काढली आहेत. कापसाचा भाव, बँकेची नोटीस, बहिणीचे लग्न, पावसाने मारलेली दडी आणि त्यानंतरची दुबार पेरणी हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही.

वऱ्हाडात कादंबरीची परंपरा नाही असेही नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली आणि कौतिक नावाची एक गरीब बाई वऱ्हाडी बोलीसकट मराठी कादंबरीत येऊन उभी राहिली. त्यानंतर तीनच वर्षांनी अमरावतीच्याच मनोहर तल्हारांनी ‘माणूस’मध्ये रिक्षा ओढणाऱ्याला नायक केले. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिली. बुलडाण्याच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला एकनाथ तर आमचा थोरला भाऊच वाटतो. शिकलेला, नोकरी नसलेला आणि शेतीने गांजलेला. त्या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विदर्भ साहित्य संघाची स्थापनादेखील १९२३ साली आपल्या अमरावतीतच झाली. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावात लिहिणाऱ्यांना एकत्र यावेसे वाटले, त्या गावात आज पाच विद्यार्थ्यांना एकत्र बसणे अवघड का व्हावे?

अवघड का होते, ते मी माझ्यापुरते सांगतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. घर दोन खोल्यांचे. रात्री दिवा जळत राहिला की आजी अंथरुणातून विचारते, ‘इतकं काय लिवून रायला रे बाप्पा? पेपर तर झाले ना तुये?’ तिच्या विचारण्यात राग नसतो, काळजी असते. परीक्षेसाठी लिहिणे घराला समजते. नोकरीच्या अर्जासाठी लिहिणे तर चांगलेच समजते. उगाच लिहिणे ही गोष्टच आमच्या घराण्यात नवी आहे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याला लिहिताना कोणी हटकत नाही. आमच्यासारख्याला मात्र रोज स्वतःशीच खुलासा करावा लागतो, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी तो खुलासा संपतो. मुलींचे तर विचारूच नका. भांडी झाल्यावर जो अर्धा तास उरेल तोच त्यांचा. अशा वेळी ‘मीही लिहितो आहे, तूही लिही’ असे म्हणणारे कोणी असेल तर वही बंद पडत नाही.

शेतकऱ्याला ही गोष्ट नवीन नाही. रान मोठे आणि बैल अपुरे असले म्हणजे गावकरी आपापल्या जोड्या घेऊन येतात, दिवसभरात नांगरट उरकतात आणि मालक सर्वांना जेवू घालतो. उद्या दुसऱ्याच्या रानात. याला इर्जिक म्हणतात. आपण कादंबरीची इर्जिक का करू नये? फरक इतकाच की नांगराला बैल दुसऱ्याचे चालतात, वहीत शब्द मात्र आपलेच हवेत. मोबाइलकडून लिहवून घेतलेली पाने म्हणजे दुसऱ्याचे पीक आपल्या खळ्यावर आणून टाकणे होय.

तेव्हा माझी सूचना अशी. अमेरिकेचा नोव्हेंबर आपल्या कामाचा नाही. त्या दिवसांत कापसाची वेचणी असते आणि आपल्यापैकी निम्मे शेतात असतात. उन्हाळी परीक्षा संपल्यानंतरचा एक महिना घ्यावा. अकोल्याचे ऊन पाहता दुपारी काही सुचायचे नाही. पहाट आणि रात्र आपली. पन्नास हजार शब्दांचा अट्टहासही नको. वहीच्या पानावर दोनशे शब्द धरले तर रोज चार पाने, म्हणजे महिन्याला चोवीस हजार शब्द होतात. लहानशी कादंबरी त्यात बसते. दर रविवारी दिवसाउजेडी जमावे, म्हणजे मुलींनाही येता येईल, आणि प्रत्येकाने दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. ऐकणाऱ्याने ‘छान’ म्हणून सुटका करून घेऊ नये आणि ‘शुद्धलेखन पाहा’ म्हणून नाउमेदही करू नये. ‘मग पुढं काय झालं?’ एवढेच विचारावे. मागे पडलेल्याचे नाव काटू नये. त्याच्या घरी जाऊन यावे. अमरावती आणि अकोला या दोन्हीकडच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी तयार झाले, तर मूर्तिजापूर जवळजवळ मधोमध पडते. तिथे एक दिवस भेटून वह्यांची अदलाबदल करता येईल.

गुरुजनांकडे दोनच मागणी आहे. सुटीत ग्रंथालयाचा वाचनकक्ष रोज एक तास उघडा ठेवावा, आणि आमच्या वहीत ‘मले’, ‘तुले’ दिसले तर त्यावर लाल शाई फिरवण्याआधी एकदा ‘धग’ आठवावी. महिनाअखेर हाती पडतील त्या बहुतेक वह्या कच्च्या असतील. काही फाडून टाकाव्या लागतील. फाडायलाही आधी काही लिहिलेले असावे लागते.

मित्रहो, शेतकऱ्याच्या मरणाची बातमी लिहायला बाहेरची माणसे येतात, आकडे टिपून घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्या घरातली माय दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून काय विचार करते, हे त्यांना कळणार नाही. ते आपल्याला ठाऊक आहे, आणि लिहायला-वाचायला शिकलेली आपली पहिलीच पिढी आहे. आपणही लिहिले नाही तर ती गोष्ट त्या चुलीपाशीच विझेल. ज्यांना या इर्जिकीत यायचे असेल त्यांनी उन्हाळी परीक्षेचा शेवटचा पेपर झाल्यावर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर यावे. येताना एक कोरी वही आणावी.