तिला बसायला स्टूल द्या!

परवा भाचीच्या लग्नाचा बस्ता काढायला गेलो होतो. आम्ही साऱ्याजणी गादीवर ऐसपैस बसलेल्या आणि साड्या दाखवणारी मुलगी दोन तास उभीच! “बस गं जरा,” म्हटलं, तर हळूच म्हणाली, “नको ताई, मालक ओरडतात.”

दिवसभर उभं राहून पाय सुजतात, शिरा फुगतात. पण बोलणार कोण? केरळमधल्या बायका बोलल्या. कोझिकोडच्या पी. विजी यांनी दुकानांत काम करणाऱ्या बायकांना एकत्र केलं. आधी मागितलं स्वच्छतागृह, मग बसायचा हक्क. अखेर २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांविषयीचा कायदा बदलला आणि कामगारांसाठी बसायची सोय करणं मालकांवर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तेच केलं.

हा हक्क कुणी आपणहून दिला नाही, मागितला म्हणून मिळाला. मैत्रिणींनो, नोकरी जाईल या भीतीने ती मुलगी गप्प राहते. आपण तर गिऱ्हाईक, आपल्याला कसली भीती? पुढच्या खरेदीला भावात घासाघीस करताना मालकाला एवढंही विचारूया, “हिला बसायला स्टूल का नाही?”