संगणक घरचा, किल्ली परक्याची

घरातील संगणक कोणाच्या मालकीचा? पदरचे पैसे मोजून तो आणणाऱ्या कुटुंबाचा, असे उत्तर कोणीही देईल. परंतु त्यावर रीतसर शुल्क भरून एखादा चित्रपट लावू पाहावा. तो कोणत्या ब्राउझरमध्ये दिसेल, चित्र किती स्पष्ट असेल, मुळात दिसेल की नाही, हे सारे ठरवते ती दूरदेशीची कंपनी, घरमालक नव्हे!

ही पराधीनता एका रात्रीत आलेली नाही. आधी रिअलप्लेअर, मग फ्लॅश, मग सिल्व्हरलाइट अशा एकेका कंपनीच्या बंदिस्त यंत्रणा प्रेक्षकांनी निमूटपणे संगणकात बसवून घेतल्या. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला मूठमाती दिली आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील सामग्री चालणेच रोखले. फ्लॅशमध्ये सुरक्षेच्या त्रुटी होत्या हे मान्य. परंतु ज्यांनी आपली ध्वनिचित्रे केवळ त्याच साच्यात ओतली होती, त्यांनी दाद कोणाकडे मागायची?

दुसरा मार्ग नव्हता, असेही नाही. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील जाळ्यावरून चित्रप्रवाह पाठवण्यासाठी जो प्रकल्प हाती घेतला, त्यातूनच व्हीएलसी हा मुक्त प्लेअर जन्मला. तो फुकट आहे, त्याची संहिता जगापुढे खुली आहे. अशा साधनाचे स्वागत व्हायचे, तर २०२२ मध्ये भारतात त्याचे संकेतस्थळच कित्येक महिने अडवले गेले! कायदेशीर नोटीस गेल्यानंतर नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठली.

इकडे बंदिस्त कुलपाला मात्र राजमान्यता मिळाली. सप्टेंबर २०१७ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने 'एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स'वर शिक्कामोर्तब केले. या व्यवस्थेत चित्र उलगडणारा भाग गुप्त राहतो. तो घरच्या संगणकात नेमके काय करतो, हे संगणकाच्या मालकाला तपासता येत नाही. या निर्णयाच्या निषेधार्थ 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन'ने डब्ल्यू३सीचा राजीनामा दिला.

निर्मात्याच्या घामाचे मोल नको का, असे कोणी विचारील. अवश्य हवे. पण चोरट्या प्रती या कुलपांनी थांबल्या काय? चोर कुलूप फोडून मोकळा होतो आणि जाच सोसतो तो पैसे भरणारा सज्जन गृहस्थ. त्यातही 'विकत घ्या' असे बटण दाबून त्याला मिळतो तो केवळ पाहण्याचा परवाना, विक्रेत्याच्या मर्जीने केव्हाही मागे घेता येणारा. या शब्दच्छलाविरुद्ध कॅलिफोर्नियाने कायदा केला; १ जानेवारी २०२५ पासून तेथील विक्रेत्यांना ही वस्तुस्थिती ग्राहकाला स्पष्ट सांगावी लागते. ज्या प्रांतात यांपैकी काही कंपन्यांची मुख्यालये आहेत, तेथील ग्राहकाला जो खुलासा मिळतो, तो पुण्या-नागपूरच्या ग्राहकाला का मिळू नये?