समाधी बल्लारपुरात, शहर चंद्रपुरात

नागपूरहून दक्षिणेकडे जाणारी गाडी बल्लारशाहला थांबली की अर्धा डबा चहासाठी खाली उतरतो. या स्टेशनाच्या नावात गोंड राजांचा बल्लाळशहा दडलाय, हे त्यातल्या किती जणांच्या ध्यानात येत असेल? मी उतरलो तो चंद्रपूर वसवणाऱ्या खांडक्या बल्लाळशहाच्या समाधीसाठी. ऑटोवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "समाधी? किल्ल्यात जाचं हाय का जी?" नाही म्हटल्यावर त्याने पलीकडच्या दोघांना विचारून घेतलं, मग आम्ही निघालो.

निघण्याआधी नागपुरात एका इतिहासप्रेमी मित्राने अडवलं होतंच. कुत्र्यामागे ससा धावला, राजाने त्या वाटेवर तट बांधला, झालं चंद्रपूर. असली भाकडकथा ज्याच्या नावावर आहे त्याचं थडगं बघायला दोनशे किलोमीटर? तीच गोष्ट अहमदाबादची सांगतात, तीच विजयनगरची.

मित्राचं म्हणणं खोटं नाही. ससा-कुत्रा गावोगाव फिरलेला आहे. पण चंद्रपूरची कथा सशापासून सुरूच होत नाही. ती सुरू होते राजाच्या अंगावरच्या फोडांपासून. शिकारीत तहानलेला राजा झरपटच्या कोरड्या पात्रात येतो, एका खळग्यातल्या पाण्याने हात-पाय-तोंड धुतो, आणि कित्येक वर्षांनी त्या रात्री त्याला गाढ झोप लागते. सकाळी धुतलेल्या जागेची सूज उतरलेली राणीच्या लक्षात येते. ती राजाला परत तिथे नेते. गवत-वाळू बाजूला केल्यावर खडकात गाईच्या खुरांचे पाच ठसे दिसतात, पाण्याने भरलेले. तिथे अंचलेश्वराचं देऊळ उभं राहतं. ससा येतो त्यानंतर, आणि त्याच्या वाटेवर तट बांधण्याचा सल्लाही राणीचाच. शहर कुठे वसलं, तर इरई आणि झरपटच्या मधल्या जागेवर. आजही इरईला मोठा पूर आला की पठाणपुरा दरवाज्याबाहेरचा रस्ता पाण्याखाली जातो. पाणी कुठे मिळतं आणि तट कुठे हवा, हे या कथेला चांगलं ठाऊक आहे. ससा उसना असेल, झरपट उसनी नाही.

आता दुसरी बाजू. तिकडे कथा अक्षरशः खरी मानणारे आहेत. खांडक्या तेराव्या शतकातला, असं ते छातीठोकपणे सांगतात. हा काळ आला कुठून? १८६९च्या जमाबंदी अहवालात मेजर लूसी-स्मिथ याने चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांची यादी दिली, इ. स. ८७० ते १७५१, राजे एकोणीस. भागाकार करून पाहा. दर राजाला सरासरी शेहेचाळीस वर्षं येतात! शिवाय याच यादीतला बाबाजी बल्लाळशहा अकबराच्या काळातल्या आइने-अकबरीत जिवंत राज्यकर्ता म्हणून भेटतो. त्याच्यापासून चार कारकिर्दी मागे मोजल्या की खांडक्या पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येतो, त्याहून मागे नाही. राजाला दोनशे वर्षं जास्त चिकटवल्याने त्याचा मान वाढत नाही.

आणि तिसरी मंडळी, माझी लाडकी. समाधीच पाहायची तर चंद्रपुरातली वीरशहाची पाहा, देखणी आहे, असं ती सांगतात. देखणी आहेच. राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधलेली ती वास्तू मीही दोनदा पाहिलीय. पण वीरशहा शहर वसवणारा नव्हे, तो दोनेकशे वर्षांनंतरचा. वसवणारा चंद्रपुरात नाहीच, तो इकडे जुन्या राजधानीच्या, बल्लारपूरच्या, पूर्वेला आहे.

माझा मुद्दा इथेच आहे, आणि तो पुस्तकापेक्षा त्या जागी उभं राहिल्यावर जास्त पटतो. कथा म्हणते, राजाने शहर वसवलं. समाधी म्हणते, राजा बल्लारपूर सोडून गेला नाही. दोन्ही खरं असू शकतं. तटाची आखणी त्याची, पण बालेकिल्ला आणि राजवाडा उभारला मुलाने, हीरशहाने, अशी परंपराच आहे. म्हणजे ज्याच्या नावावर शहर आहे त्याला ते बहुधा पुरतं उभं राहिलेलं दिसलंच नाही. कथेने ही अपुरी राहिलेली गोष्ट पुसून टाकली, समाधीने जपून ठेवली. कथा खोटी म्हणून समाधीकडे पाठ फिरवणारे आणि कथा खरी म्हणून समाधीकडे न पाहणारे, दोघेही हा एकमेव साक्षीदार न तपासताच निकाल देतात.

परतताना चंद्रपुरात जटपुरा दरवाज्याखाली थांबलो. वर दगडात हत्तीला पंजाखाली दाबणारा सिंह, खाली हॉर्न वाजवणाऱ्या दुचाकी. २०१७मध्ये इथल्या इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी या तटावरची झाडंझुडपं हातांनी काढायला घेतली, म्हणून बुरूज निदान दिसू तरी लागले.

नागपूरकरांनो, ताडोब्याला तर तुम्ही जाताच. पुढच्या खेपेला अर्धा दिवस जास्तीचा काढा. चंद्रपूरहून बल्लारपूर पंधरा किलोमीटरवर आहे.