केटलबेलवरचा आकडा पुरेसा नाही

पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंतच्या जिममध्ये आता केटलबेलची रांग दिसते. मूठ असलेला हा लोखंडी गोळा मूळचा रशियातला. ‘पूड’ हे तिथले जुने माप, सुमारे 16 किलोचे. वजन गोळ्यावरच लिहिलेले असते आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण शरीरावर किती भार पडतो ते त्या आकड्यावरून कळत नाही. गोळा कमरेपासून 20 सेंटिमीटरवर असो की 40 वर, वजन 16 किलोच. पण दुसऱ्या वेळी त्या वजनाचे आघूर्ण, म्हणजे सांध्याला वाकवू पाहणारा जोर, दुप्पट होतो आणि तो पाठीच्या स्नायूंना पेलावा लागतो. म्हणून स्विंगमध्ये, म्हणजे गोळा झुलवण्याच्या व्यायामात, तो मांड्यांच्या मधून, अंगाजवळून मागे जाऊ द्यायचा, खुब्यातून झुकायचे आणि कणा सरळ ठेवायचा. वेळेचा हिशेबही असाच फसवा. हा गोळा अर्धा मीटर वर न्यायला सुमारे 78 ज्यूल कार्य लागते. ते एका सेकंदाऐवजी अर्ध्या सेकंदात केले, तर कार्य तेवढेच राहते, शक्ती मात्र दुप्पट लागते. संथपणे डोक्यावर नेलेला जड गोळा आणि झटक्याने फेकलेला हलका गोळा शरीराकडून वेगवेगळी कामे करून घेतात. दोन्हींना ‘वेट ट्रेनिंग’ म्हणून मोकळे होणे हा निव्वळ आळस.

यावर कुणीही पुणेकर विचारील, चिंचेच्या तालमीत आघूर्ण कुणी शिकवले होते? कुणीच नाही, आणि मल्ल तरीही तयार झाले. मुद्गल फिरवणाऱ्याला लांब गेलेले वजन जड होते हे मनगटच सांगते. पण तालमीत चूक दिसताच टोकणारा वस्ताद समोर उभा असे. जिममधला ट्रेनर बदलत राहतो आणि घरच्या मोबाइलवरच्या व्हिडिओला तुमचा वाकलेला कणा दिसत नाही. नजर ठेवणारा कुणी नसेल, तर ते काम व्यायाम करणाऱ्याच्या समजुतीलाच करावे लागणार.

ही समज सर्वात जास्त लागते ती भार वाढवताना. प्रतिकार क्रमाने वाढवत नेण्याची पद्धत अमेरिकन लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी 1940 च्या दशकात जखमी सैनिकांच्या उपचारांत रुजवली. बारबेलवर किलो-दोन किलो वाढवता येतात. केटलबेलमध्ये 8 वरून 12 किंवा 16 वरून 24 ही उडी थेट 50 टक्क्यांची. त्यामुळे आधी आवर्तने वाढवायची, मग सेट, मग मधली विश्रांती कमी करायची, आणि हे सगळे पचल्यावरच पुढचा गोळा उचलायचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 2022 च्या अंदाजानुसार भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचालच करत नाहीत, त्यांना पदार्थविज्ञान कशाला? त्यांना आधी चालायला लावा, हे खरेच. पण जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सुचवते, आणि पहिल्याच महिन्यात पाठ धरलेला माणूस जिमकडे सहसा परत फिरकत नाही. शिवाय विषय इतका अवघड नाही. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांचा दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीतच निघाला. शिवरामपंत दामल्यांनी 1924 मध्ये स्थापलेले महाराष्ट्रीय मंडळ याच शहरात शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालवते. शिकवू शकणारी माणसे इथेच आहेत, ग्राहकाने मागणी करायला हवी. फी भरण्याआधी ट्रेनरला विचारावे, 16 नंतर 24 कधी आणि का? उत्तर नुसते ‘पुढच्या महिन्यात’ असे आले, तर दुसरे जिम शोधावे.