एक अक्षर, एक ध्वनि

घरांत लहान मूल वाचावयास शिकूं लागलें म्हणजे आपण आपल्या भाषेंत किती गोष्टी गृहीत धरून बसलों आहों, हें ध्यानांत येतें. परवां आमच्या नातीनें 'चार चाकांची गाडी' असें वाचलें आणि तिन्ही 'च' चिंचेच्या 'च'सारखे उच्चारले. आम्हीं चाकाचा 'च' सुधारून दिला. तेव्हां तिनें विचारलें, "अक्षर एकच, मग उच्चार दोन कां?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

हा प्रश्न उद्भवूंच नये अशी तजवीज ज्यांनीं करून ठेविली, त्या डॉ. लुडविक झामेनहॉफ यांची यावरून आठवण झाली. व्यवसायानें हे नेत्रवैद्य. जन्म १८५९ सालीं बियालिस्टोक येथें. तें गांव तेव्हां रशियन साम्राज्यांत होतें, आज पोलंडांत आहे. पोलिश, रशियन, जर्मन व यिद्दिश बोलणारे लोक तेथें एकमेकांशेजारीं राहत, पण एकमेकांचे होत नसत. कोणाचीच नव्हे म्हणून सर्वांची, अशी एक भाषा झामेनहॉफ यांनीं रचिली व १८८७ सालीं वॉर्सा येथें प्रसिद्ध केली. तीच एस्पेरांतो. तिचीं अक्षरें २८, त्यांत स्वर पांच. प्रत्येक अक्षराचा उच्चार एकच, आणि मुकें अक्षर एकही नाहीं. आघात नेहमीं शेवटून दुसऱ्या स्वरावर. त्यामुळें आपल्या रेडिओस तेथें 'रादीओ' म्हणावें लागतें.

नातीस मौज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. तेथें दोन 'च'ना दोन अक्षरें आहेत! चाकाचा 'च' रोमन 'सी'नें लिहितात, आणि चिंचेचा 'च' त्याच 'सी'च्या डोक्यावर टोपी घालून. शब्दारंभींचा चाकाचा 'च' इंग्रजास सहजीं साधत नाहीं. मराठी मुलास तो आईच्या कडेवरच मिळतो. उलट आपले ख, घ, ठ, ण, ळ तेथें रिकामे बसून राहतात.

पण येथेंच आमचें मन थोडें साशंक होतें. नियम सोपा असणें निराळें व ध्वनि सोपा असणें निराळें. चाकाचा हा 'च' बियालिस्टोकच्या चारही भाषांत होता. झामेनहॉफ यांस तो अवघड वाटावा कसा? 'जाणणें' या अर्थाच्या शब्दांत तर त्यांनीं त्यामागें 'स' जोडून 'स्चीइ' केलें. वाचकांनीं तो चाकाचा 'च' घेऊन एकदां मोठ्यानें म्हणून पाहावा! जपानी भाषेंत र व ल हा भेद नाहीं. एस्पेरांतोंत मात्र 'लितो' म्हणजे बिछाना आणि 'रितो' म्हणजे धर्मविधि. सर्वांची म्हणून निघालेली भाषा तोंडांत येतांच कोणाची अधिक व कोणाची उणी होते. जिभेला जन्मगांव असतें, त्याला झामेनहॉफ तरी काय करणार?

टोपीचीं अक्षरें काढून टाकण्याची सूचना त्यांनींच १८९४ सालीं इतर सुधारणांबरोबर मांडली होती. त्यांच्या मासिकाच्या वर्गणीदारांनीं ती बहुमतानें फेटाळली. तरी लोकांच्या जिभेनें आपल्यापुरती थोडी सुधारणा केलीच. घसा घासून निघणारा, उर्दू 'खबर'मधला 'ख' एस्पेरांतोंत आहे; तो पुष्कळांस जड गेला व हळूहळू 'क' त्याच्या जागीं आला. रसायनशास्त्राचें 'खेमिओ' होतें, त्याचें 'केमिओ' झालें. पण 'खोरो' म्हणजे गायकवृंद. त्याचा 'कोरो' करावा तर त्याचा अर्थ हृदय! मग 'कोरुसो' असा निराळाच शब्द पुढें आला.

१९०५ सालीं फ्रान्समध्यें बूलोन येथें पहिली जागतिक परिषद भरली. सुमारें २० देशांतून ७०० च्या आसपास माणसें जमलीं. त्यांपैकीं बहुतेकांचा या भाषेशीं परिचय छापील पानांवर व पत्रव्यवहारांतच झालेला. प्रत्येकाचा उच्चार आपापल्या गांवचा. इतक्या नाना तऱ्हेच्या उच्चारांनीं एकमेकांचें बोलणें कळेल कीं नाहीं, ही धास्ती होतीच. बोलणें कळलें. एकानें 'र' घोळवला, दुसऱ्यानें घशांत ठेविला; कानांनीं समजून घेतलें.

आमच्या नातीस मात्र अशी तडजोड पसंत नाहीं. तिनें वहींतल्या चिंचेच्या दोन्ही 'च'ना टोप्या काढल्या आहेत आणि चाकाचा 'च' बोडकाच ठेविला आहे. वही तशीच शाळेंत गेली आहे.